बॅटरीचा जमाखर्च : कमी खर्चाच्या करंट मापकाची रचना

बॅटरीतून या क्षणी किती करंट वाहतो आहे हे मोजणे आणि दिवसभरात बॅटरीतून एकूण किती खर्च झाला हे मोजणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम साधा मल्टिमीटर करतो. दुसऱ्यासाठी करंट अखंड मोजत राहून त्याची वेळेनुसार बेरीज करावी लागते. बॅटरी किती दिवस पुरेल याचे उत्तर त्या बेरजेतच असते. हे काम करणारी प्रयोगशाळेतील तयार उपकरणे शाळा, शेतकरी गट किंवा दुरुस्तीचे छोटे दुकान यांच्या आवाक्याबाहेर असतात. तसाच मापक बाजारात सहज मिळणाऱ्या भागांतून साधारण दीड हजार रुपयांच्या आत उभा राहू शकतो. भाग स्वस्त असले तरी चालते, मात्र त्यातला प्रत्येक भाग किती चुकतो हे बांधणाऱ्याला माहीत असावे लागते. चुकांचा असा हिशोब मांडणे हाच या मापकाच्या रचनेचा गाभा आहे.

काय मोजायचे

विद्युत प्रभाराचे एकक कूलॉम. १ अँपिअर करंट १ सेकंद वाहिला की १ कूलॉम प्रभार सरकतो, म्हणजे सुमारे ६.२४ × १०^१८ इलेक्ट्रॉन. २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे मूल्य नेमके ठरवून अँपिअरची व्याख्या त्यावर बांधली गेली, त्यामुळे करंट मोजणे म्हणजे तत्त्वतः इलेक्ट्रॉन मोजणेच झाले आहे. बॅटरीच्या वेष्टनावर मात्र कूलॉम लिहिलेले नसतात, तिथे मिलिअँपिअर-तास असतात. १ मिलिअँपिअर-तास म्हणजे ३.६ कूलॉम. घड्याळात आणि रिमोटमध्ये बसणाऱ्या सीआर२०३२ या बटणसेलची क्षमता सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास असते, तर लॅपटॉपच्या बॅटरीत आणि टॉर्चमध्ये दिसणाऱ्या १८६५० आकाराच्या लिथियम सेलची साधारण २००० ते ३५०० मिलिअँपिअर-तास.

हा जमाखर्च मोजण्याची गरज वीज घरोघरी पोचू लागली तेव्हापासूनची आहे. एडिसनच्या न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट वीजकेंद्रातून ४ सप्टेंबर १८८२ रोजी पुरवठा सुरू झाला. त्या काळात ग्राहकांसाठी एडिसनने रासायनिक मीटर वापरला. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. करंट वाहिला की एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर जाऊन बसे आणि ठरावीक काळाने पट्टीचे वजन करून बिल काढले जाई. फॅरडेच्या नियमानुसार १ अँपिअर-तासाला सुमारे १.२२ ग्रॅम जस्त सरकते. घरातील सगळा करंट त्या बरणीतून नेणे शक्य नव्हते, म्हणून बहुतेक करंट कमी रोधाच्या धातूच्या पट्टीतून जाई आणि त्याचा छोटासा, ठरलेला हिस्साच द्रावणातून वळवला जाई. कमी रोधाची ती पट्टी, म्हणजे शंट, आजच्या इलेक्ट्रॉनिक मापकातही कायम आहे. बेरीज करण्याचे जस्ताचे काम तेवढे आता चिप आणि प्रोग्राम करतात.

झोप आणि जाग

आजच्या बॅटरी-उपकरणांचा करंट स्थिर नसतो, आणि मापकाची खरी परीक्षा तिथेच होते. शेतातील मातीचा ओलावा मोजून वायफायवरून आकडा पाठवणारे एक सेन्सर उपकरण उदाहरणादाखल घेता येईल. त्यातील ईएसपी३२ ही चिप गाढ झोपेत सुमारे १० मायक्रोअँपिअर घेते आणि वायफायवरून प्रक्षेपण करताना तिचा करंट २४० मिलिअँपिअरपर्यंत चढतो. दोन्ही आकड्यांत २४,००० पटींचा फरक आहे.

हे उपकरण दर १० मिनिटांनी ५ सेकंद जागे होते आणि त्या वेळात सरासरी १२० मिलिअँपिअर घेते असे धरू. तासात ते असे सहा वेळा जागे होते, म्हणजे ३० सेकंद गुणिले १२० मिलिअँपिअर, बरोबर १ मिलिअँपिअर-तास. उरलेल्या वेळेतील झोपेचा खर्च जेमतेम ०.०१ मिलिअँपिअर-तास. या हिशोबाने २४०० मिलिअँपिअर-तासांचा सेल सुमारे ९९ दिवस पुरायला हवा.

चिपची झोप आणि तयार बोर्डची झोप मात्र एक नसते. बोर्डवर पॉवरचा एलईडी पेटलेला असतो, व्होल्टेज रेग्युलेटर स्वतःसाठी करंट घेतो, यूएसबी जोडणीची चिपही जागी राहू शकते. अशा बोर्डने झोपेत ५ मिलिअँपिअर घेतले तर तासाचा खर्च १ ऐवजी जवळजवळ ६ मिलिअँपिअर-तास होतो आणि तोच सेल १७ दिवसांतच संपतो. डेटाशीट वाचून हा फरक कळत नाही. जागेपणीचा करंट पाहूनही कळत नाही, कारण तो दोन्ही बोर्डांत सारखाच असतो. झोपेचा करंट नीट मोजता आला तरच दोष सापडतो आणि एक एलईडी काढून किंवा रेग्युलेटर बदलून उपकरणाचे आयुष्य कित्येक पटींनी वाढवता येते. म्हणून मापकाकडून दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात: काही मायक्रोअँपिअर दिसले पाहिजेत आणि काहीशे मिलिअँपिअर वाहताना उपकरणाला अडथळा होता कामा नये.

शंट : कमी रोधाचा शोधक

करंटच्या वाटेत लहान रोध ठेवायचा आणि त्यावर पडणारे व्होल्टेज मोजायचे, ही सर्वांत सोपी पद्धत. ओहमच्या नियमाने ०.१ ओहमच्या शंटवर १०० मिलिअँपिअरला १० मिलिव्होल्ट मिळतात. शंट मोठा घेतला तर व्होल्टेज जास्त मिळते आणि मोजणे सोपे जाते, पण तेवढेच व्होल्टेज उपकरणाच्या वाट्याचे कमी होते. १० ओहमच्या शंटमधून २४० मिलिअँपिअर न्यायचे तर २.४ व्होल्ट शंटवरच पडतील आणि ३.७ व्होल्टच्या सेलवर चालणारे उपकरण बंद पडेल. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या पल्ल्यावर ठेवून असे उपकरण सुरू केले की ते पुन्हा पुन्हा रीसेट होत राहते, त्याचे कारण हेच. मापक जोडल्यावर उपकरणाचे वागणे बदलत असेल तर मिळालेला आकडा त्या उपकरणाचा उरत नाही.

शंटचा रोध तापमानानुसार बदलता कामा नये. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. विदर्भातील शेतात हिवाळ्यातील पहाटेचे १० अंश आणि उन्हाळ्यातील दुपारचे ४५ अंश यांत ३५ अंशांचे अंतर आहे. तांब्याच्या तारेचा शंट या अंतरात साडेतेरा टक्क्यांहून अधिक चुकेल. एडवर्ड वेस्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तांबे, मँगनीज आणि निकेल यांचे मँगॅनिन हे मिश्रण मोजमापासाठी वापरात आणले, कारण त्याचा रोध तापमानाने जवळजवळ बदलत नाही. आज बाजारात मिळणाऱ्या धातुपट्टीच्या शंट रेझिस्टरचा बदल दर अंशाला दहा लाखांत सुमारे ५० भाग असतो, म्हणजे त्याच ३५ अंशांत ०.२ टक्क्यांच्याही आत.

शंट चांगला घेऊनही जोडणी चुकीची असेल तर फायदा होत नाही. पीसीबीवरच्या नेहमीच्या तांब्याच्या थरात चौरसाकृती तुकड्याचा रोध, तो चौरस लहान असो की मोठा, सुमारे अर्धा मिलिओहम असतो. १ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर लांब पट्टी म्हणजे असे दहा चौरस, म्हणून तिचा रोध ५ मिलिओहम, आणि ०.१ ओहमच्या शंटसमोर तो ५ टक्के झाला. ही चूक टाळण्यासाठी चार टोकांची जोडणी करतात, ती केल्व्हिन जोडणी म्हणून ओळखली जाते. दोन जाड पट्ट्यांतून करंट जातो आणि दोन वेगळ्या बारीक पट्ट्या थेट शंटच्या पॅडपासून व्होल्टेज घेऊन जातात. बारीक पट्ट्यांतून जवळजवळ करंटच जात नाही, त्यामुळे त्यांचा रोध हिशोबात येत नाही. ब्रेडबोर्डवर हा मापक नीट चालत नाही, कारण जंपर वायरच्या टोकाचा स्पर्श-रोध दर वेळी वेगळा असतो. शंटपाशी सोल्डर केलेली जोडणीच हवी.

मायक्रोव्होल्ट वाचणारी चिप

शंटवरचे व्होल्टेज काही मायक्रोव्होल्टपासून काही दशक मिलिव्होल्टपर्यंत असते. मापकाचा प्रोग्राम चालवणाऱ्या आर्डुइनो नॅनो या बोर्डवरील मायक्रोकंट्रोलरची १० बिटांची मोजणी, आतील १.१ व्होल्टच्या संदर्भावर ठेवली तरी, १ मिलिव्होल्टपेक्षा बारीक पायरी वाचू शकत नाही. ०.१ ओहमच्या शंटवर ही पायरी १० मिलिअँपिअरहून मोठी पडते. मध्ये ॲम्प्लिफायर हवा, आणि स्वस्त ॲम्प्लिफायर म्हटला की बहुतेकांना एलएम३५८ आठवतो. तो उत्तम आणि स्वस्त ऑप-ॲम्प आहे, पण त्याच्या दोन इनपुटमध्ये मुळातच काही मिलिव्होल्टची तफावत असते, डेटाशीटप्रमाणे जास्तीत जास्त ७ मिलिव्होल्ट. ०.१ ओहमच्या शंटवर ७ मिलिव्होल्ट म्हणजे ७० मिलिअँपिअरची चूक. काही वाहत नसतानाही मापक ७० मिलिअँपिअर दाखवू शकतो, आणि ही तफावत तापमानाबरोबर सरकत राहत असल्याने एकदा वजा करून भागत नाही.

शंटऐवजी हॉल परिणामाचा सेन्सर घेता येतो का, हा प्रश्न साहजिक आहे. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या या परिणामात करंटचे चुंबकीय क्षेत्र मोजले जाते. एसीएस७१२ या लोकप्रिय चिपमध्ये करंटच्या वाटेचा रोध फक्त १.२ मिलिओहम असतो आणि मोजणारे सर्किट त्या वाटेपासून विद्युतदृष्ट्या वेगळे राहते. पण तिचा ५ अँपिअरचा प्रकार १ अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट देतो, त्यामुळे ५ व्होल्टच्या १० बिटी मोजणीत एक पायरी सुमारे २६ मिलिअँपिअरची होते, आणि चिपचा स्वतःचा गोंगाट त्याहून मोठा असतो. मोटर आणि चार्जर यांच्यासाठी ती योग्य आहे, झोपणाऱ्या उपकरणासाठी नाही.

शंटवरील व्होल्टेज थेट वाचून आकडा देणाऱ्या तयार चिप हा कमी खर्चातला खरा मार्ग आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आयएनए२१९ ही सर्वांत परिचित. तिची पायरी १० मायक्रोव्होल्टची, म्हणजे ०.१ ओहमवर ०.१ मिलिअँपिअर. तिच्या पुढची आयएनए२२६ सोळा बिटांची आहे: पायरी २.५ मायक्रोव्होल्ट, पल्ला ८१.९२ मिलिव्होल्ट, शून्यातील चूक जास्तीत जास्त १० मायक्रोव्होल्ट. ती बॅटरीचे व्होल्टेजही ३६ व्होल्टपर्यंत मोजते आणि दोन तारांच्या आयटूसी जोडणीवरून आकडे देते. एकाच जोडणीवर तिला सोळा वेगवेगळे पत्ते देता येतात, त्यामुळे एका आर्डुइनोला अशा दोन चिप सहज जोडता येतात.

०.१ ओहमच्या शंटवर आयएनए२२६ची पायरी २५ मायक्रोअँपिअर आणि पल्ला ०.८१९२ अँपिअर होतो. कागदावर हे पुरेसे वाटते. पण १० मायक्रोव्होल्टची शून्यातील चूक म्हणजे १०० मायक्रोअँपिअर, झोपेच्या करंटच्या दहापट. वर घेतलेल्या उपकरणात त्यामुळे एकूण आकडा दहा टक्क्यांनी चुकेल. तेच उपकरण तासातून एकदाच जागे होत असेल तर खरा खर्च ताशी ०.१८ मिलिअँपिअर-तासांपेक्षा थोडा कमी असतो आणि ०.१ची चूक निम्म्याहून मोठी ठरते. एका शंटवर हे काम पूर्ण होत नाही.

दोन पल्ले, एक वाट

उपाय म्हणजे एकामागोमाग दोन शंट: एक ०.१ ओहमचा, दुसरा १० ओहमचा. प्रत्येकावर आपापली आयएनए२२६. १० ओहमवर पायरी ०.२५ मायक्रोअँपिअर होते, पल्ला ८.१९२ मिलिअँपिअर, आणि शून्यातील चूक जास्तीत जास्त १ मायक्रोअँपिअर, जी वजा करून आणखी घटवता येते. १० ओहमच्या शंटला समांतर एक मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो. उपकरण झोपलेले असताना मॉस्फेट बंद राहतो आणि करंट १० ओहममधून जातो. उपकरण जागे झाले की मॉस्फेट चालू होऊन १० ओहमला वळसा देतो आणि मोजणी ०.१ ओहमवर होते.

अडचण वेगाची आहे. उपकरण काही मायक्रोसेकंदांत जागे होते, आणि आर्डुइनोने आकडा वाचून, तपासून मॉस्फेट चालू करायला मिलिसेकंद लागू शकतो. उपकरणाच्या बाजूला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि सगळा भार त्यावर पडला असे धरले तरी २४० मिलिअँपिअरने १ मिलिसेकंदात व्होल्टेज अर्धा व्होल्ट खाली येते. तेवढे रीसेट व्हायला पुरेसे आहे. म्हणून हा निर्णय प्रोग्रामवर न सोडता आयएनए२२६च्या अलर्ट टोकावर सोपवता येतो. चिपची सर्वांत जलद मोजणी १४० मायक्रोसेकंदांची आहे. उपकरण एका मोजणीच्या मधोमध जागे झाले तरी पुढची मोजणी पूर्ण होईपर्यंत २८० मायक्रोसेकंद जातात आणि तेवढ्यात व्होल्टेज फार तर ०.१४ व्होल्ट घसरते, जे बहुतेक उपकरणे सहन करतात. १० ओहमवरच्या चिपला ६० मिलिव्होल्टची, म्हणजे ६ मिलिअँपिअरची मर्यादा द्यायची. ती ओलांडली की अलर्ट टोक थेट मॉस्फेटचा गेट उचलते.

इथे चिपचा लॅच हा पर्याय चालू ठेवणे आवश्यक आहे. मॉस्फेट चालू होताच १० ओहमवरचे व्होल्टेज नाहीसे होते, आणि लॅच नसेल तर अलर्टही लगेच मागे फिरतो, मॉस्फेट बंद होतो आणि सर्किट चालू-बंद होत राहते. लॅच असेल तर प्रोग्राम संबंधित रजिस्टर वाचेपर्यंत अलर्ट तसाच राहतो. ०.१ ओहमवरचा करंट काही मिलिअँपिअरच्या खाली येऊन थोडा वेळ तिथे स्थिरावला की प्रोग्राम ते रजिस्टर वाचतो आणि वाट पुन्हा १० ओहमची होते. पल्ला बदलताना प्रभार हरवत नाही. त्या अल्पकाळात कपॅसिटरने दिलेला प्रभार नंतर शंटमधूनच भरून निघतो, आणि ०.१ ओहमची चिप वाटेत सतत असल्याने तो मोजला जातो.

कपॅसिटरची एक बाजू लक्षात ठेवावी लागते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून गळती होते आणि व्होल्टेज लावल्यावर सुरुवातीला ती झोपेच्या करंटपेक्षा मोठी असू शकते. तासभर व्होल्टेजवर ठेवल्यानंतर ती बरीच उतरते. म्हणून शून्याचे वाचन कपॅसिटर लावून, तासाभराने, उपकरण न जोडता घ्यायचे आणि तेच वजा करायचे.

शंट कुठे बसवायचा

हा मॉस्फेट आर्डुइनोच्या ५ व्होल्टने सहज चालावा म्हणून दोन्ही शंट बॅटरीच्या ऋण बाजूला, म्हणजे परतीच्या वाटेवर बसवणे सोपे पडते. त्यातून दोन नियम निघतात.

पहिला नियम मापकाच्या स्वतःच्या भुकेचा. आयएनए२२६चे व्होल्टेज मोजणारे टोक सुमारे ८३० किलोओहमचे असते. ४ व्होल्टच्या सेलवर ते जवळजवळ ४.८ मायक्रोअँपिअर घेते, म्हणजे झोपेच्या करंटच्या निम्मे. चिपची ग्राउंड तार शंटच्या उपकरणाकडच्या बाजूला जोडली तर हा करंट उपकरणाच्या नावावर चढतो. ती थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडली तर तो शंटला न शिवता परत जातो. तार एकच, पण ती कुठे जोडली यावर आकडा दीडपट होतो की बरोबर येतो हे ठरते.

दुसरा नियम यूएसबीचा. मापक आणि मोजायचे उपकरण दोन्ही एकाच संगणकाला यूएसबीने जोडले तर दोघांचे ग्राउंड संगणकातून एक होतात आणि करंट शंटऐवजी यूएसबी केबलमधून परततो. मापक तेव्हा जवळजवळ शून्य दाखवतो आणि उपकरण फार काटकसरी असल्याचा भ्रम होतो. मोजणी चालू असताना मापकाला वेगळी पॉवर बँक द्यावी किंवा उपकरणाची यूएसबी काढून ठेवावी.

बेरीज

करंटचे आकडे मिळाल्यावर उरते ती बेरीज, आणि हयगय इथेच जास्त होते. सेकंदातून एकदा अर्ध्या मिलिसेकंदाचे वाचन घेणारा प्रोग्राम एकूण वेळेचा दोन हजारावा हिस्साच पाहतो. प्रक्षेपणाचा झटका २०० मिलिसेकंदांचा असेल तर पाचांतून चार वेळा तो निसटतो आणि सापडला तर पूर्ण सेकंदाचा धरला जातो. दीर्घकाळात सरासरी जुळत जाते, पण एका दिवसाचा आकडा विश्वासाचा राहत नाही. आयएनए२२६ अखंड मोजणीच्या पद्धतीवर ठेवता येते आणि ४ ते १०२४ वाचनांची सरासरी ती स्वतःच काढते. ०.१ ओहमच्या चिपला १.१ मिलिसेकंदाच्या १६ वाचनांची सरासरी ठरवली तर दर १७.६ मिलिसेकंदांनी एक आकडा मिळतो, आणि त्यात मधला जवळजवळ सगळा काळ आलेला असतो. आकडा तयार झाल्याची खूण चिप स्वतः देते. प्रत्येक आकडा एकदाच आणि न चुकता वाचायचा.

आर्डुइनो नॅनोवर दशांश संख्या ३२ बिटांच्या असतात आणि त्यांत सुमारे सातच अंक टिकतात. बेरीज १,६७,७७,२१६ पर्यंत गेली की त्यात १ मिळवल्याने ती वाढतच नाही. झोपेतील छोटे आकडे अशा बेरजेत शांतपणे गळून जातात. त्यामुळे बेरीज ६४ बिटांच्या पूर्णांकात, चिपच्या मूळ पायऱ्यांतच करायची आणि मिलिअँपिअर-तासांत रूपांतर फक्त दाखवताना करायचे.

वेळेची चूक ही थेट प्रभाराची चूक असते. स्वस्त बोर्डवरील सिरॅमिक रेझोनेटर अर्धा टक्का चुकू शकतो, म्हणजे दिवसाला ४३२ सेकंद. डीएस३२३१ या घड्याळ-चिपची चूक सामान्य तापमानात दहा लाखांत २ भाग, दिवसाला सेकंदाचा पाचवा हिस्साही नाही. तिचे मॉड्यूल स्वस्त आहे आणि नोंदीवर तारीख-वेळही देते. वीज गेल्यावर बेरीज हरवू नये म्हणून ती ईईप्रॉममध्ये लिहून ठेवावी लागते. नॅनोवरील ईईप्रॉमची हमी एका जागी १,००,००० वेळा लिहिण्याची असते. दर मिनिटाला लिहिले तर ती ७० दिवसांच्या आत संपते, दर तासाला लिहिले तर अकरा वर्षे पुरते.

पडताळणी

मापक तयार झाल्यावर दोन गोष्टी ठरवायच्या असतात: शून्य आणि पट. शून्य वर सांगितल्याप्रमाणे. पट ठरवण्यासाठी स्थिर करंट लागतो, आणि तो एलएम३१७ या रेग्युलेटरमधून सहज मिळतो. त्याच्या दोन टोकांत १.२५ व्होल्ट कायम राहतात, म्हणून १२.५ ओहमचा रेझिस्टर लावला की सुमारे १०० मिलिअँपिअर मिळतात. हा आकडा साधारणच असतो, कारण १.२५ व्होल्टलाही काही टक्क्यांची मुभा असते. महत्त्वाचे हे की करंट स्थिर राहतो, आणि तोच करंट एका वाटेत जोडलेल्या खात्रीच्या मल्टिमीटरवर आणि मापकावर एकदम वाचता येतो. अभियांत्रिकी किंवा तंत्रनिकेतन महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र असलेला मीटर असतो. एकदा तिथे नेऊन दोन्ही पल्ल्यांत तीन-तीन बिंदूंवर तुलना केली की शंटच्या छापील मूल्यातील चूक गुणकात सामावून घेता येते. एलएम३१७ला स्वतः स्थिर राहण्यासाठी काही मिलिअँपिअर लागतात, म्हणून मायक्रोअँपिअरच्या पल्ल्यात त्याऐवजी १.५ व्होल्टचा सेल आणि १ टक्क्याचे मोठे रेझिस्टर वापरायचे: १५० किलोओहमने सुमारे १० मायक्रोअँपिअर मिळतात, आणि सेलचे व्होल्टेज मीटरने मोजून नेमका आकडा काढता येतो.

मॉड्यूल विकत घेताना शंटवरचा छापा पाहणे गरजेचे आहे. ‘आर१००’ म्हणजे ०.१ ओहम आणि ‘आर०१०’ म्हणजे ०.०१ ओहम. एकाच नावाची मॉड्यूल वेगवेगळ्या शंटसह मिळतात आणि प्रोग्राममध्ये चुकीचे मूल्य राहिले तर आकडा दहापट चुकतो. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत हे भाग मिळतात, आणि तिथे मॉड्यूल हातात घेऊन भिंगाखाली छापा वाचता येतो.

इतके केल्यावर मापकाची अपेक्षित अचूकता मिलिअँपिअरच्या पल्ल्यात १ टक्क्याच्या आसपास आणि झोपेच्या पल्ल्यात अर्ध्या मायक्रोअँपिअरच्या आसपास येते. बॅटरी किती पुरेल हे ठरवायला यापेक्षा बारीक मोजणी लागत नाही, कारण एकाच पेटीतील दोन सेलच्या क्षमतेतील फरकही टक्का-दोन टक्के असू शकतो.

मापकाचे उपयोग

पहिला उपयोग सेलची खरी क्षमता शोधण्याचा. बाजारात ९९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले १८६५० आकाराचे सेल विकले जातात. या आकारात साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच मर्यादा येते, त्यामुळे असा छापा पाहूनच संशय घ्यावा. तपासण्यासाठी पूर्ण चार्ज केलेला सेल होल्डरमध्ये बसवून १० ओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरवर रिकामा करायचा. करंट सुमारे ३७० मिलिअँपिअर राहतो. मापक प्रभाराची बेरीज करतो आणि व्होल्टेज ३ व्होल्टला आले की मॉस्फेट किंवा रिलेने भार तोडतो. २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल साडेपाच तासांच्या आसपास घेतो. रेझिस्टर तापतो, म्हणून तो लाकडापासून आणि सेलपासून दूर ठेवायचा. लिथियम सेलला थेट सोल्डर करायचे नाही, आणि फुगलेला सेल तपासायचा नाही.

दुसरा उपयोग इन्व्हर्टरच्या बॅटरीचा. तिथे फक्त शंट बदलतो. ५० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट देणारा तयार शंट १.५ मिलिओहमचा असतो आणि आयएनए२२६च्या ८१.९२ मिलिव्होल्टच्या पल्ल्यात नेमका बसतो. पायरी १.७ मिलिअँपिअरची होते, आणि १२ किंवा २४ व्होल्टची बॅटरी चिपच्या ३६ व्होल्टच्या आत राहते. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर १५० अँपिअर-तास लिहिलेले असते ते बहुधा वीस तासांच्या दराने, म्हणजे ७.५ अँपिअर वीस तास. ५० अँपिअरने ती तीन तास चालत नाही. शिसे-आम्ल बॅटरीतून करंट जितका मोठा तितका मिळणारा एकूण प्रभार कमी, हा संबंध विल्हेल्म प्यूकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला. मापकाने दोन वेगवेगळ्या भारांवर मोजणी करून आपल्या बॅटरीसाठी तो प्रत्यक्ष पाहता येतो.

तिसरा उपयोग सौर दिव्यांच्या दुरुस्तीचा. आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या कार्यक्रमात गावातील लोकांनाच दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले गेले. दिवा रात्रभर टिकत नाही अशी तक्रार आली की दोष पॅनलमध्ये आहे, बॅटरीत आहे की एलईडीच्या सर्किटमध्ये, हे ठरवावे लागते. दिवसा बॅटरीत किती प्रभार गेला आणि रात्री किती निघाला, हे दोन आकडे मिळाले तर तिन्हींपैकी दोषी भाग ओळखता येतो आणि चांगली बॅटरी फेकली जात नाही.

मर्यादा

प्रभाराची बेरीज बॅटरीत उरले किती हे थेट सांगत नाही, गेले किती हे सांगते. शिसे-आम्ल बॅटरीत चार्ज करताना घातलेल्या प्रभाराचा दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक परत मिळत नाही, तर लिथियम सेलमध्ये जवळजवळ सगळा परत मिळतो. शिवाय शून्यातील उरलेली छोटी चूकही दिवसेंदिवस बेरजेत साचत जाते. म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज झाल्याची खात्री झाली की बेरीज दर वेळी नव्याने सुरू करायची.

या रचनेतील दोन पल्ल्यांचे सर्किट बॅटरीतून बाहेर जाणाऱ्या करंटसाठी आहे. चार्जिंगचा करंट उलट दिशेने येतो आणि मॉस्फेटच्या आतील डायोडमधून १० ओहमला वळसा घालू शकतो. सौर दिव्यासारखी दोन्ही दिशांची मोजणी करायची असेल तर मॉस्फेट कायम चालू ठेवून फक्त ०.१ ओहमची चिप वापरायची. ती दोन्ही दिशांचे आकडे धन-ऋण चिन्हासह देते. मायक्रोसेकंदांत बदलणाऱ्या करंटचा आकार पाहायचा असेल तर ऑसिलोस्कोप लागतो. हा मापक त्याची बेरीज देतो, आकृती देत नाही.

तयार मापकाच्या डब्यावर चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: दोन्ही पल्ले, प्रत्येक पल्ल्यातील चुकीची मर्यादा, शून्य शेवटचे कधी तपासले त्याची तारीख आणि कोणत्या मीटरशी तुलना केली त्याची नोंद. या चार ओळी असलेला दीड हजार रुपयांचा मापक शेतकरी, विद्यार्थी आणि कारागीर यांना निर्णय घेण्याजोगा आकडा देतो. त्या नसतील तर महागड्या मीटरचा आकडाही फक्त अंदाज ठरतो.